कैलासवासींची ताटं

बीड जिल्ह्यात आठवडाभर राहून आले असं सांगितलं, की आमच्या वाईतल्या बायका विचारतात, "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?"

मी सांगते, "ताटं."

मग त्या माझ्या डोळ्यांकडे बघतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं असावं, असं त्यांना वाटतं.

पण खरंच मी ताटं बघून आले. डोंगर पाहिले तेही तसेच, घासूनपुसून पालथे घातल्यासारखे, वर काही म्हणजे काही वाढलेलं नाही.

गेले होते लग्नाला. माझी धाकटी नणंद कुसुम चाळीसेक वर्षांपूर्वी वाईहून तिकडे दिलेली. तिचा नवरा आमच्या आळीत मामाकडे शिकायला होता. शिकला किती ते माहीत नाही, पण जाताना कुसुमला घेऊन गेला. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णा आता नाहीत. आमचे 'हे', म्हणजे कुसुमचे भाऊ, तेही नाहीत. उरलो आम्ही दोघी, भांडायला. तर कुसुमच्या नातीचं, अश्विनीचं, वैशाखात लग्न ठरलं आणि तिचा फोन आला.

"वैनी, लग्नाच्या आधी आठ दिवस या. ताटं पुसायला मानूस पायजे."

मला वाटलं, चेष्टा. नणंदा चेष्टा करतात तेव्हा ती खरी असते, हे मी या वयात विसरले होते.

मांजरसुंबा

पुण्याहून आलेली गाडी मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरवून धुरळा उडवत गेली. सकाळचे नऊ वाजले असतील, पण ऊन दुपारचं. कुसुमचा मुलगा दत्ता मोटारसायकल घेऊन उभा होता. "मामी, आधी खाऊन घ्या, मंग निघू," म्हणून त्याने मला एका ढाब्यावर बसवलं.

धपाटे आले, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे थालीपीठ जाड आणि भोकाचं, इथलं धपाटं पातळ आणि तिखटाने लालभडक. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं, दुसऱ्याला आणखी एक मागवलं. पण सगळं वाढलं होतं चंदेरी कागदाच्या पत्रावळीत, जी फुंकर मारली तरी उडेल. दह्याच्या वजनाने ती जागेवर होती एवढंच.

मी ढाबेवाल्याला म्हटलं, "बाबा, एखादं स्टीलचं ताट नाही का?"

"हाय की. पर धुवायला पानी कुठलं, आजी? टँकर इकत घ्यावा लागतो. ही फेकली की झालं."

"कुठे फेकता?"

"तिकडं," त्याने मानेनंच दाखवलं.

तिकडं म्हणजे ढाब्यामागचा उतार. लांबून वाटलं पाणी चमकतंय. ते पाणी नव्हतं. त्या चकाकीत दोन शेळ्या तोंड घालून उभ्या होत्या.

तिशीतली वत्सला असती, तर तिने तिथल्या तिथे स्वच्छतेवर भाषण ठोकलं असतं आणि भाषणात धपाटं गार झालं म्हणून त्या माणसालाच बोल लावला असता. मला आता एवढं समजतं, की ज्याच्याकडे टँकर येतो त्याला नळवाल्याने काही सांगू नये. मी गपचूप खाल्लं. पत्रावळ मात्र घडी घालून पिशवीत ठेवली. ती अजून आहे. तिचं काय करायचं ते मलाही कळलेलं नाही.

नांदूरघाटच्या रस्त्याला लागलो. बालाघाटाचे माळ, त्यावर सीताफळीच्या काटक्या, एकही पान नाही. मधूनच तरवडाचं हिरवं टिकलीएवढं. ऊसतोडीहून परतलेल्यांची घरं नुकतीच उघडलेली, दारात ट्रॅक्टरवरून उतरवलेली बोचकी अजून तशीच. मी बघत बसले आणि त्या नादात डाव्या पायातली चप्पल कुठल्या वळणावर गळाली ते कळलंच नाही.

गाडी दारात थांबली. कुसुम बाहेर आली. कितीतरी वर्षांनी भेटत होतो. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"कावून वो वैनी, वाईला एकच चप्पल घालायची फ्याशन आली का?"

नांदूरघाटच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही, कुसुमने बजावलंय. नांदूरघाट ओलांडून पुढे जायचं, ओढा लागतो. वैशाखात त्यात पाणी नसतं, पण तो मोकळाही नसतो. त्याचं पुढे येईलच.

दुपारी जेवायला बसले. ज्वारीची भाकरी, पिठलं, येसराची आमटी, ठेचा. येसर म्हणजे धान्यं भाजून दळलेला मसाला, तो मी वाईला आणलाय आणि अजून मला तशी आमटी जमलेली नाही. स्टीलचं छान जाड ताट होतं. पिठलं जरा बाजूला सारलं, तर खाली 'कै.' उमटलं. आणखी दोन घास खाल्ले, 'अण्णासाहेब' निघाले. भाकरीच्या चतकोराखाली 'यांच्या स्मरणार्थ' होतं. जेवता जेवता ताटाच्या तळाशी नणदेचा नवरा निघावा, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"कुसुम, अगं, हे मधोमध कशाला कोरलंस? भांड्यावरचं नाव काठावर असतं."

"काठावर मावंना. ह्यांचं नाव लांब, त्यात गाव. नाव घालणारा म्हनला, काकू, मधी घालतो, ठळक दिसंल. मलाबी बरं वाटलं."

"आणि बाकीच्यांची?"

"समद्यांचीच मधी. अण्णाचं मधी अन् आपल्या म्हातारीचं काठावर, असं कोन ऐकून घेईल?"

ताटांची खोली मारुतीच्या देवळामागे, पत्र्याची. कुसुमने कुलूप काढलं. आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ताटंच ताटं. कुसुम त्यांची ओळख माणसांसारखी करून देत होती. "हे आमचे. ही शेजारणीची सासू, लई खाष्ट होती, पन ताटं बघा कशी जाड दिलीत लेकानं. हा सरपंचाचा भाऊ. हे मास्तर." मीही नकळत नमस्कार करत पुढे सरकत होते.

हे सुरू झालं पारूमुळे. पारू आणि तिचा नवरा शिवाजी, दोघं मेंढरं राखणारी. एका वर्षी गावात लग्न झालं, उष्ट्या पत्रावळी ओढ्यात गेल्या, आणि दोन-तीन दिवसांत पारूची मेंढरं पोट फुगून पटापट पडली. फाडून पाहिलं तर आत चंदेरी गोळे. उरलेली बहुतेक विकून नवराबायको ऊसतोडीला गेली. तिकडे नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. पारू-शिवाजी म्हणजे एक कोयता. दोन हंगाम ती पाचटाच्या खोपीत राहिली. दुसऱ्या हंगामात पारूच्या पोटातलं मूल गेलं. हे पारूने मला सांगितलं नाही, कुसुमने सांगितलं, आणि सांगताना फळीवरचं एकच ताट ती पुसत राहिली.

त्याच सुमारास अण्णा गेले. तेराव्याला जावयांना कपडे, देवळाला घंटा, असं काहीबाही ठरत होतं. कुसुम म्हणाली, घंटा नको, ताटं घेते. गावच्या पंगतीला होतील. मग ज्याच्या त्याच्या घरी माणूस गेलं की ताटं यायला लागली. गावाला ती फुकट, बाहेरगावच्याने न्यायची तर धुणावळ द्यायची, आणि ती धुणावळ पारूची. पारू आधी खरकटं निपटून बादलीत काढते, ते तिच्या उरलेल्या मेंढरांना. मग ताटं चुलीच्या कोरड्या राखेने घासून पुसून काढते, आणि मगच पाण्याला हात लावते. टँकरच्या एका पिंपात अख्खी पंगत धुऊन होते. त्या धुणावळीवर यंदा पारू ऊसतोडीला गेली नव्हती.

"मग चांगलंच चाललंय की," मी म्हटलं.

दारात पारू राखेचं घमेलं घेऊन उभी होती, ती हसली.

"चाललंय कुठं, आजी. तेराव्याला नेत्यात, वर्षश्राद्धाला नेत्यात. सप्त्यालाबी नेत्यात. लग्नाला एकजन न्हेत न्हाई."

"का?"

"मेल्याली मानसं हायती ना ताटात," पारू म्हणाली. "अन् मयतावर प्वाट कसं भरंल? मानसं काय रोज मरत न्हाईत. मी काय कुनी मरायची वाट बघत बसू?"

मग मला कळलं, कुसुमने मला आठ दिवस आधी का बोलावलं ते. कचरा होतो लग्नांत. पारूची मजुरी निघायची तर तीही लग्नांत. आणि लग्नवाले ताटांना हात लावत नाहीत. पण खुद्द कुसुमच्या घरचं लग्न या ताटांवर उठलं, तर मग दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहणार नाही. नाहीतर दिवाळीनंतर पारू पुन्हा कोयता.

मी उपाय सुचवायला कमी केलं नाही. म्हटलं, नावं घासून काढ. कुसुम म्हणाली, "ज्यांनी दिली त्यांच्यासमोर त्यांच्या आईचं नाव घासू?" म्हटलं, मग 'समस्त ग्रामस्थ' असं घालून नवी घे. तर म्हणाली, "समद्यांचं म्हंजी कुनाचंच न्हाई. नाव नसंल तर देत बी न्हाईत अन् परत बी येत न्हाईत. आन् नवी घ्यायला धुनावळीत उरतंय काय?"

खरं होतं. नावाची हौस मला कुणी सांगायला नको. मी नवी नवरी असताना झाऱ्यावरसुद्धा 'सौ. वत्सला' घालून घेतलं होतं, आणि तळताना नाव काळं पडेल म्हणून तो झारा कधी तेलात घातला नाही. वर्षानुवर्षं पुऱ्या चमच्याने काढल्या. असली मी हुशार.

पोह्यांखालचा मास्तर

लग्नाच्या आधी सोयरे व्यवस्था बघायला आले. सिरसाळ्याकडची माणसं, दोन जीपगाड्या भरून. नवरदेवाचे वडील तात्या, मोठे बागायतदार, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं गोड. कुसुमने माझा सल्ला न घेता त्यांना त्याच ताटांत पोहे दिले. तिला वाटलं, एकदा खाल्लं की भीड मोडेल.

तात्यांनी चवीने खाल्ले. वाईच्या गणपतीची चौकशी केली, मला 'ताई' म्हणाले. आणि मग चमचा तळाला लागला.

ते थांबले. उरलेले पोहे त्यांनी हळूच बोटाने एका कडेला लोटले आणि वाचलं. ओठ हलताना मला दिसले. शेजारच्या पाहुण्यानेही मग आपले पोहे लोटले. बघता बघता सगळी बैठक पोहे लोटून वाचायला लागली. कुणाला मास्तर निघाले, कुणाला खाष्ट सासू.

"काकू," तात्या फार हळू म्हणाले, "ही मयताची ताटं हायती का?"

"गावाची हायती, तात्या. पंगतीची. लग्नालाबी हीच घ्यावी म्हन्ते. कचरा व्हत न्हाई, मेंढरं मरत न्हाईत."

"बरुबर हाय तुमचं. पुन्याचं काम हाय. पर लग्नात नगं. नव्या जोडप्याच्या फुडं मेल्याल्या मानसाचं नाव? उद्या पोरीला ठेच लागली तरी लोक ताटावर बोट ठेवतील. अन् बोट ठेवतील ते माझ्याकडं न्हाई, तुमच्या अश्विनीकडं. पांढऱ्या पायाची म्हनतील."

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याने सांगितलं ते घडतं, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं.

"पत्रावळी मी धाडतो," तात्या उठत म्हणाले. "टेम्पो भरून. तुमाला काय खर्च न्हाई."

दत्ता मान घालून उभा होता. जीपगाड्या गेल्यावर म्हणाला, "आई, पोरीचं लगीन हाय. तू आता ताटाचं काढू नकू."

कुसुमने ताटं गोळा केली. तात्यांनी कडेला लोटलेले पोहे तसेच राहिले होते. ते तिने पारूच्या बादलीत टाकले.

लग्न

मांडव शेतात घातला होता. आमच्याकडे लग्नं आता कार्यालयात होतात, जेवणं उभ्याने आणि ताटं कसलीही, तेव्हा मी नाक मुरडायचं काही कारण नव्हतं. इथे अजून पंगत बसते. लांबच लांब सतरंज्या, समोर चंदेरी पत्रावळींच्या ओळी, आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बर्फात घातलेल्या.

लग्नघटिका दुपारची. भटजींनी मंगलाष्टकाला तोंड फोडलं आणि माळावरून एक वावटळ उठली. वैशाखातली वावटळ, तिला आमंत्रण लागत नाही. अक्षता पडायच्या आधी पत्रावळी उडाल्या. ओळीच्या ओळी उठून मांडवात गरगर फिरल्या. एक तात्यांच्या फेट्यावर टेकली, एक अंतरपाटाला चिकटली. पोरं ओरडली, माणसं हसली, मीही हसले, हसू येण्यासारखंच होतं ते. मग सगळ्या बांध ओलांडून ओढ्याकडे गेल्या. दुसरा गठ्ठा फोडला आणि माणसांनी पत्रावळींवर खडे ठेवले. जेवण वाढेपर्यंत प्रत्येकासमोर एकेक खडा वाढलेला.

पारू मांडवाच्या मागे बसली होती. तिने दोन घमेली राख चाळून आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाली, "म्हनलं, बापड्यांचं मन फिरलं बिरलं तर."

मन फिरलं नाही. पंगती उठत गेल्या. बुंदी, वांग्याची भाजी, वरणभात, सगळ्याचं खरकटं चंदेरी कागदात गुंडाळलं जात होतं आणि त्यात मेंढरांना देता येण्यासारखं काही उरत नव्हतं.

वऱ्हाड जेवलं आणि पाठवणीच्या आधी अश्विनीला घासभर खाऊ घालायला घरी आतल्या खोलीत आणलं. खोलीत आम्ही तिघीच. पोरगी घामाने आणि रडून भिजलेली. म्हणाली, "आजी, मला अण्णाच्या ताटात वाढ."

कुसुम उठली, फडताळातून ताट काढलं. आणि ताट हातात धरून थांबली. तिने दाराकडे पाहिलं. सोयऱ्यांच्या भीतीने नव्हे, ती भीती मी ओळखते, दार तर लोटलेलं होतं. ही दुसरी होती. पोरीला ठेच लागली तर, ही. अख्ख्या गावाला ताटं घे ताटं घे म्हणणारी माझी नणंद, तिच्याच हातात ते ताट जड झालं. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

मग तिने आधी मुठीने बुंदी घेतली आणि ताटाच्या बरोबर मधोमध, 'कै.'वर, रास घातली. नाव झाकलं. तेव्हा कुठे ताट पोरीपुढे ठेवलं.

अश्विनीने कडेकडेने वरणभात खाल्ला. बुंदीला हात लावला नाही. तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ओढ्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम घरात दिसेना. ती ओढ्यात होती. पदर खोचून, पोतं घेऊन पत्रावळी वेचत होती. मीही उतरले, दत्ताच्या पायातल्या रबरी चपला घालून. ओढा या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होता. बाभळींना पत्रावळी लटकल्या होत्या, आणि खाली आदल्या लग्नांच्या, मातकट झालेल्या, थरावर थर. एक उचलली की खालची वर येई. पारूने मेंढरं वाड्यात कोंडून ठेवली होती, त्यांचं ओरडणं इथवर ऐकू येत होतं. पोतं भरलं. भरलेलं पोतं न्यायचं कुठे, हे कुसुमलाही ठाऊक नव्हतं. बांधावर ओळीने ठेवलं, झालं.

तासाभराने आम्ही तिघी बाभळीखाली बसलो. जिथून वेचलं होतं तिथे वेचल्यासारखं काही दिसत नव्हतं.

पारू म्हणाली, "काकू, राख झाकून ठिवते. फुडच्या मयताला व्हईल." मग जरा थांबून, "मुकादमाचा मानूस इचारत हुता. दिवाळीनंतरच्या तोडीचं."

कुसुम पदरात रुतलेले काटे उपटत म्हणाली, "माझंच चुकलं. नाव घालायचंच हुतं तर जित्या मानसाचं घालायला पायजे हुतं. पर जितेपनी कोन देतंय ताटं?"

आता सांगते. वाईचं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला मी ताटं विकत घेतली होती. भाड्याने मिळत असताना. कारण भाड्याच्या ताटावर माझं नाव नसतं. अख्खी वाई जेवायला येणार, असा माझा समज. ताटं थोडीथोडकी नाहीत, मोठी पंगत उठेल एवढी, आणि एकेकाच्या काठावर 'सौ. वत्सला'. त्या दिवशी पाऊस आला, निम्मे लोक आलेच नाहीत. ताटं माळ्यावर गेली ती गेली. आमचे हे म्हणायचे, "वत्सले, ही आता तुझ्या तेराव्यालाच निघणार." आणि ते गेले तरी माळ्यावरचं 'सौ.' कुणी खोडायला गेलं नाही. भांड्याला कोण कळवतंय!

मी म्हटलं, "मी देते. काठावर नाव आहे. मधोमध काही नाही."

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. "पर वैनी, त्यावर 'सौ.' आसंल ना?"

"असेल."

"अन् दादा जाऊन किती वर्सं झाली."

"तुझ्या सोयऱ्यांना कोण सांगणार? तू सांगणार?"

पारू तोंडाला पदर लावून हसायला लागली. कुसुम हसली नाही. तिचा भाऊ होता तो. ती म्हणाली, "बरं. धाडा." आणि उठून पुन्हा पोतं घेतलं.

वाईला परत

ताटं माळ्यावरून काढताना कोळ्यांची जाळी डोक्यावर पडली आणि सून म्हणाली, "आई, या वयात?" मी तिला सांगितलं नाही, की मी तरुण असतानाची एक मूर्ख बाई शोधायला वर चढले होते आणि ती पहिल्यांदाच कामाला येत होती. एका मालवाहू गाडीने ताटं मांजरसुंब्याला गेली, तिथून दत्ताने नेली. खोलीत त्यांना वेगळी फळी मिळाली आहे. एका भिंतीला कैलासवासी, समोरच्या भिंतीला मी.

कुसुमने मग गावातल्या बायकांचे माळे धुंडाळले. रुखवतात आलेली, संक्रांतीला लुटलेली, 'सौ.' घातलेली, पण वापरात नसलेली ताटं निघाली, फार नाही, काही घरांतून. मोठ्या लग्नाच्या सगळ्या पंगतींना पुरतील अशी नाहीत. माझी ताटं एका लहान लग्नाला नेली. नेणाऱ्याने आधी विचारलं, "बाई हयात हायती न्हवं?" कुसुम म्हणाली, "हाय की. ठणठणीत हाय. वाईला असती." नवऱ्याची चौकशी कुणी केली नाही.

याने ओढा स्वच्छ झाला का? नाही. तात्यांच्या टेम्पोसारखे टेम्पो येतच असतात, आणि दिवाळीनंतर मुकादमही आलाच. पारू राहिली. शिवाजी एकटा गेला. एकट्या माणसाला तिकडे अर्धा कोयता म्हणतात. पारूचं अर्धं पोट माझ्या ताटांवर आहे, अर्धं अजून मयतांवर.

परवा माझा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला आणि सुनेने कुसुमला कळवलं. लगेच फोन.

"वैनी, खोकला कावून जात न्हाई? डॉक्टरला दावलं का?"

"वय झालं, कुसुम."

"वय बिय काय सांगू नका. माघात दोन लग्नं धरलीत तुमच्या ताटावर. पारूनं राख चाळून ठिवलीय. तुमाला काय झालं म्हंजी ती फळी मयताच्या भितीला जाती."

"अगं, पण समजा..."

"समजा गिमजा न्हाई. लईच घाई असंल तर पौषात बघा. पौषात लग्नं नसत्यात."

फोन ठेवून मी पंचांग काढलं. यंदाचा पौष सरत आलाय. म्हणजे आता वर्षभर सवड नाही. उठले आणि काढा उकळत ठेवला.